‘आर’ म्हणजे काय, मॅडम?

सोलापुरातल्या आमच्या लॅबच्या खिडकीवर रिपोर्ट न्यायला आलेली माणसं आधी शेवटची ओळ वाचतात. साखर किती, हिमोग्लोबिन किती, नॉर्मल की ॲबनॉर्मल. कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून तपासण्याच्या रिपोर्टला तशी शेवटची ओळ नसते. डावीकडे औषधांची नावं आणि प्रत्येकासमोर एक अक्षर: एस, आय किंवा आर. गेल्या पावसाळ्यात सांगोल्याकडचा एक मुलगा, असेल तिशीचा, तो कागद धरून बराच वेळ खिडकीशीच उभा होता. मग म्हणाला, "मॅडम, सगळीकडं आर आलंय. म्हणजे राइट ना? सगळी औषधं राइट?"

आर म्हणजे रेझिस्टंट. ते औषध या जंतूवर चालत नाही. सोळा औषधांपैकी चौदांपुढे आर होता.

त्याच्या वडलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, पण नंतर छाती भरली, व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं आणि आठव्या दिवशी पुन्हा ताप चढला. श्वासनळीतला स्राव काढून आमच्याकडे पाठवला होता, त्याचा हा रिपोर्ट. मी समजावून सांगितल्यावर त्याने विचारलं ते माझ्या डोक्यात राहिलं. "म्हणजे वडलांच्या अंगाला औषधाची सवय झाली म्हणायची. पण त्यांनी आयुष्यात कधी गोळी खाल्ली न्हाई ओ. डोकं दुखलं तर सुंठ लावत्यात."

प्रश्न बरोबर होता, आणि हा लेख त्याचंच उत्तर आहे. गोळी न खाल्लेल्या माणसाला औषधांना न जुमानणारा जंतू कुठून लागतो?

आधी तो ‘आर’ आम्ही ठरवतो कसा ते सांगते, कारण तो कॉम्प्युटरने छापलेला असला तरी ठरतो तो डोळ्यांसमोर.

नमुना आला की त्याचा थोडा भाग काचपट्टीवर पसरून रंगवतात. हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये काढलेली ही पद्धत आजही रोज वापरात आहे. जांभळे राहतात ते ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी दिसतात ते ग्रॅम निगेटिव्ह. गुलाबी दिसणाऱ्यांना अंगावर आणखी एक बाहेरचं आवरण असतं, औषधाला आत शिरायला आणखी एक भिंत. आपल्याकडच्या आयसीयूंमध्ये सगळ्यात जास्त डोकेदुखी याच मंडळींची. क्लेबसिएला, असिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास ही नावं रिपोर्टवर दिसली की वाचणाऱ्या डॉक्टरचा चेहरा बदलतो.

उरलेला नमुना अगरच्या प्लेटवर रेघा ओढून लावतात. अगर म्हणजे काही परकी वस्तू नाही. आपण पुडिंगला चायना ग्रास घालतो तेच, समुद्री शेवाळातून काढलेलं. त्यात जंतूंचं खाणं घातलेलं असतं. ही प्लेट ३७ अंशांच्या पेटीत रात्रभर ठेवली की सकाळी ठिपके उगवलेले असतात. एकेक ठिपका म्हणजे एका जंतूपासून वाढलेली वसाहत. त्या मुलाच्या वडलांच्या प्लेटवर गुलाबी, ओले, फुगीर ठिपके आले होते. तारेचं टोक लावून वर उचललं तर गुळाच्या पाकासारखी तार सुटत होती. क्लेबसिएला तिथेच ओळखू येतो, बाकीच्या चाचण्या खात्रीसाठी.

खरी गोष्ट पुढे. एका वसाहतीतले जंतू मिठाच्या पाण्यात कालवून ठरावीक गढूळपणा आणायचा आणि कापसाच्या बोळ्याने ते पाणी दुसऱ्या प्लेटवर तिन्ही दिशांनी फिरवायचं, अंगण सारवावं तसं, मध्ये कुठे फट राहू न देता. त्यावर औषध भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या. प्रत्येक चकती ६ मिलिमीटरची, कपाळावरच्या टिकलीएवढी. पुन्हा एक रात्र पेटीत. सकाळी प्लेटवर दुधाळ सायीसारखा थर आलेला असतो. जे औषध चालतं त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल उरतो. जंतूंनी न ओलांडलेली लक्ष्मणरेषाच म्हणा. तो गोल पट्टीने मोजायचा आणि तक्त्याशी ताडायचा. इतके मिलिमीटर किंवा जास्त असेल तर एस, इतक्याहून कमी तर आर, मधला तो आय. किर्बी आणि बाउअर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १९६६ पासून जगभर चालते. आता मोठ्या लॅबमध्ये हेच काम मशीन करतं, पण तत्त्व तेच.

त्या दिवशीच्या प्लेटवर जवळपास एकाही चकतीभोवती गोल नव्हता. साय थेट कागदाला जाऊन भिडली होती. मेरोपेनेम या तगड्या औषधाच्या चकतीलासुद्धा.

यावरून एक लक्षात येईल. जंतू वाढायला एक रात्र, औषधं तपासायला दुसरी. म्हणजे रिपोर्ट दोन-तीन दिवसांच्या आत येत नाही, आणि तोवर पेशंटला बिनऔषधाचं ठेवता येत नाही. डॉक्टर अंदाजाने इंजेक्शन सुरू करतात आणि रिपोर्ट आला की बदलतात. "आधी चुकीचं औषध दिलं" म्हणून भांडायला उठणाऱ्या नातेवाइकांना हे कुणी सांगितलेलं नसतं. मात्र रिपोर्ट हातात पडल्यावरही औषध का बदललं नाही, असं विचारायचा हक्क तुम्हाला जरूर आहे. आणि कल्चरचा नमुना शक्यतो पहिला डोस देण्याआधी घेतलेला असावा. नंतर घेतला तर कधी कधी प्लेटवर काहीच उगवत नाही आणि सगळेच अंधारात राहतात.

आता सवयीकडे येऊ. सवय वडलांच्या अंगाला झाली नव्हती. शरीराला अँटिबायोटिकची सवय होत नसते, कारण औषध शरीरासाठी नसतंच, ते जंतूसाठी असतं. मग जंतूला सवय होते का? माणसाला होते तशी त्यालाही नाही.

पोटातला साधा ई. कोलाय घ्या. चांगलं खाणं-पाणी मिळालं तर तो वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. दहा तासांत तीस वेळा दुप्पट. कागद-पेन्सिल घेऊन करून बघा, एकाचे १०७ कोटी होतात. दर दुपटीला जंतूला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते, आणि इतक्या नकला करताना अक्षरं चुकतातच. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. कोट्यवधींत एखादी चूक अशी निघते, की औषधाला धरायला जी जागा लागते तीच थोडी बदललेली असते. औषध नसताना त्या जंतूला त्याचा काही फायदा नाही, कधी कधी तोटाच. औषध आलं की मात्र शेजारीपाजारी सगळे मरतात आणि रिकाम्या रानात हा एकटा.

ही चूक औषधामुळे होते, की औषध यायच्या आधीच झालेली असते? ज्या प्रयोगाने हे दाखवलं तो सोलापूरकरांना मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण तो कापडाचा आहे. १९५२ मध्ये अमेरिकेत जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या नवरा-बायकोने मखमलीचा तुकडा घेतला. टर्किश टॉवेलचे माग चालवणाऱ्याला पाइल म्हणजे काय ते सांगायला नको. मखमलीवरही तसेच उभे तंतू असतात, फक्त बारीक आणि दाट. ती मखमल ठोकळ्यावर ताणून बसवली आणि वसाहती उगवलेल्या प्लेटवर हलकेच दाबली. प्रत्येक वसाहतीतले थोडे जंतू आपापल्या जागी तंतूंना चिकटले. मग तोच ठोकळा शिक्क्यासारखा एकामागून एक नव्या प्लेटींवर उमटवला. नव्या प्लेटींच्या अगरमध्ये स्ट्रेप्टोमायसिन होतं. तिथे मोजकेच ठिपके उगवले, आणि प्रत्येक नकलेवर त्याच जागी. मग त्यांनी मूळ प्लेटकडे जाऊन, जिला औषधाचा स्पर्शही झाला नव्हता, नेमक्या त्या जागचे जंतू उचलले. ते आधीपासूनच औषधाला दाद न देणारे होते.

औषध जंतूला काही शिकवत नाही. ते चाळणी लावतं, आणि दर वेळी चाळणीत जे वर उरतं तेच पुढचं बियाणं होतं.

मी हे एवढं सांगेपर्यंत तो मुलगा म्हणाला, "हां, म्हणजे तेल्यावानी." मला आधी उमगलं नाही. त्याची डाळिंबाची बाग. तेल्या हा जंतूंमुळे होणारा रोग, पानावर-फळावर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं, बागाच्या बागा जातात. "पयल्यांदा स्ट्रेप्टोसायक्लिन मारलं की थांबायचा. मग सगळीच मारायला लागली, आठ-आठ दिवसाला. मग मारून बी थांबंना." स्ट्रेप्टोसायक्लिनच्या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असतं. पहिलं तर टीबीवर चाललेलं पहिलं औषध. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या सोलापुरातच, केगावला आहे. तिथल्या लोकांना हे नवीन नाही. मला मात्र त्या दिवशी वाटलं, की इतकी वर्षं प्लेटी वाचून मी जे समजावायला धडपडते ते या माणसाने बांधावर उभं राहून पाहिलेलं आहे.

पण वाचलेल्यांची पोरं वाढत जातात, इथेच ही गोष्ट संपली असती तर संकट एवढं मोठं झालं नसतं. जंतू वारसाहक्कावर अवलंबून राहत नाहीत. त्यांच्याकडे मुख्य डीएनएखेरीज छोटी गोल कडी असतात, प्लाझ्मिड म्हणतात त्यांना. एक जंतू दुसऱ्याला चिकटून त्या कड्याची नक्कल देऊ शकतो. नातं लागत नाही, जातही एक लागत नाही. १९५० च्या दशकात जपानमध्ये आमांशाचे जंतू एकदम चार-चार औषधांना दाद देईनासे झाले. पाहिलं तर त्याच रुग्णांच्या पोटातले निरुपद्रवी ई. कोलायही त्याच चार औषधांना पुरून उरत होते. एकाने दुसऱ्याला अख्खी किल्ल्यांची जुडीच दिली होती. एका कड्यावर अनेक औषधांविरुद्धची जनुकं एकत्र असतात, म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिनचा मारा केला तरी त्यातून सेफ्ट्रियाक्झोनला न जुमानणारेही मागे उरू शकतात.

यातलं एक जनुक आपल्या देशाच्या राजधानीच्या नावावर आहे. २००८ मध्ये स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत क्लेबसिएला सापडला. तो रुग्ण आधी दिल्लीत दवाखान्यात राहून गेला होता. त्या जंतूतल्या विकराला (एन्झाइमला) पुढच्या वर्षी ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, म्हणजे एनडीएम-१ असं नाव दिलं. २०१० मध्ये यावर आपल्याकडे भरपूर गदारोळ झाला, नाव बदनामीचं आहे म्हणून. असेलही. जनुक मात्र खरं आहे, आणि ते मेरोपेनेमच्या घराण्यातल्या औषधांचे तुकडे करतं. ही औषधं आम्ही शेवटच्या फळीतली मानत होतो.

तुकडे करणं ही जंतूची एक युक्ती. पेनिसिलिन सर्वसामान्यांपर्यंत पोचायच्याही आधी, १९४० मध्येच, अब्राहम आणि चेन यांना ते तोडणारं विकर जंतूंमध्ये सापडलं होतं. दुसरी युक्ती कुलूप बदलण्याची: १९५९ च्या सुमारास मेथिसिलिन आलं, १९६१ मध्ये त्याला न जुमानणारा स्टॅफ नावाचा जंतू ब्रिटनमध्ये नोंदवला गेला, कारण औषध जिथे चिकटायचं ते प्रथिनच त्याने बदललं होतं. एमआरएसए म्हणतात तो हाच. तिसरी युक्ती मोटरची. औषध आत येतं तेवढंच पंप लावून बाहेर फेकायचं. चौथी दारं लहान करण्याची. त्या क्लेबसिएलाकडे यातल्या दोन-तीन तरी असणार. एकट्या युक्तीवर चौदा ‘आर’ येत नाहीत.

हे सगळं दवाखान्यातच का साचतं? घरात, शेतात जंतू नसतात का? असतात, अब्जावधी. पण दवाखान्यात तीन गोष्टी एका छताखाली येतात: औषधांचा सततचा मारा, अशक्त माणसं आणि नळ्या.

नळ्यांचं आधी. लघवीची नळी, मानेतली सेंट्रल लाइन, घशातली व्हेंटिलेटरची नळी. प्रत्येक नळी म्हणजे बाहेरच्या जगातून शरीरात जाणारा थेट रस्ता, आणि प्लॅस्टिकवर जंतू नुसते बसत नाहीत, थर धरतात. हा थर सोलापूरकराने रोज पाहिलेला आहे. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायची आपल्याला सवय, त्यामुळे घरोघरी निळी पिंपं. पिंप रिकामं झाल्यावर आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागतं. नुसतं पाणी टाकून विसळलं तर जात नाही, काथ्याने घासावं लागतं. तो बुळबुळीत थर म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती बांधलेलं घर, बायोफिल्म. नळीच्या आतल्या थराला काथ्या लावता येत नाही आणि औषध खालपर्यंत पोचत नाही. म्हणून डॉक्टर कधी कधी आणखी इंजेक्शन देण्याऐवजी नळीच काढतात किंवा बदलतात. "ही नळी अजून लागणार आहे का?" हा नातेवाइकाने रोज विचारावा असा प्रश्न आहे. सिस्टर वैतागल्या तरी चालेल.

मग हात. आयसीयूतले जंतू हवेतून उडत कमी जातात, हातांवरून जास्त. असिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे जगतो: कॉटचा कठडा, मॉनिटरचं बटण, पडदा, मोबाइल. १८४७ मध्ये व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने प्रसूती वॉर्डात जाण्याआधी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू धाडकन खाली आले. तेव्हा त्याचं कुणाला पटलं नाही. आज सगळ्यांना पटतं, पण एका सिस्टरकडे सहा-सात कॉट असतील आणि प्रत्येक स्पर्शाआधी नि नंतर हात चोळायचे म्हटलं, तर ड्युटीतला किती वेळ त्यातच जाईल याचा हिशेब करून बघा. दोष कुणा एका माणसाच्या आळसावर टाकणं सोपं आहे. मला तो हिशेब जास्त खरा वाटतो.

सोलापूरचं आणखी एक वेगळेपण आहे. इथे पेशंट फक्त शहरातून येत नाहीत. अक्कलकोट, मंगळवेढा, धाराशिव, तुळजापूर, तिकडून कलबुर्गी-विजयपूर. एकाच फेरीत सिस्टर मराठी, कन्नड, तेलुगू बोलतात. येणारा पेशंट गावातल्या डॉक्टरकडून तालुक्याला, तालुक्यातून इथे असा टप्प्याटप्प्याने येतो आणि बऱ्याचदा दर टप्प्यावर एक अँटिबायोटिक घेऊन येतो. कोणतं दिलं विचारलं, की ठरलेलं उत्तर: "पांढरी पावडर पाण्यात कालवून दिली." पांढऱ्या पावडरीची डझनभर इंजेक्शनं असतात. तुम्हाला या लेखातून एकच गोष्ट करायची असेल तर ही करा: इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीचा, गोळ्यांच्या पाकिटाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या डॉक्टरचे दोन दिवस वाचतील.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर पुरं होतं. वडलांनी गोळी खाल्ली नव्हती. त्यांच्या छातीत गेलेला क्लेबसिएला मात्र कित्येक अनोळखी पेशंटांच्या इंजेक्शनांमधून चाळून निघालेला होता. ऑपरेशनच्या आधी-नंतर दिलेल्या औषधांनी वडलांच्या घशा-पोटातले साधे जंतू मारले, जागा रिकामी झाली, नळीने रस्ता दिला. औषधं भोगली इतरांनी, उरलेलं बियाणं उगवलं यांच्या छातीत.

भय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आपण जाता-येता पाहतो. कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले. तिथल्या युद्धभूमीवर त्यांच्या आधी काम करणारे कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये वारले. गोळी लागून नव्हे. ऑपरेशन करताना बोटाला कापलं, जखम चिघळली, रक्तात विष पसरलं. पुढे त्यांच्याच नावाच्या दवाखान्याचे प्रमुख कोटणीस झाले. जगातला एक पट्टीचा सर्जन बोटाच्या जखमेने जातो, हे अँटिबायोटिक हाताशी नसलेलं जग, आणि ते शंभर वर्षांपूर्वीचंही नाही. आज आपण खुब्याचा सांधा बदलतो, सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ वाचवतो, कॅन्सरच्या पेशंटची प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली नेतो, ते सगळं मागे ही औषधं उभी आहेत या भरवशावर. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट अशा न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ज्या मृत्यूंमध्ये त्यांचा काही वाटा होता असे धरले तर आकडा ४९.५ लाखांवर जातो.

दोन गैरसमज जाता जाता. एक, रिपोर्टमध्ये जंतू आला म्हणजे औषध दिलंच पाहिजे, असं नाही. महिनाभर लघवीची नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू निघणारच. ताप नाही, त्रास नाही, तर बहुतेक वेळा डॉक्टर काही देत नाहीत, आणि ते बरोबर करतात. जंतू अंगावर राहायला असणं वेगळं, अंगात घुसून त्रास देणं वेगळं. "रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे तरी इंजेक्शन देत नाहीत" म्हणून दवाखाना बदलणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसरा ‘कोर्स पूर्ण करा’चा. कमी मात्रेत औषध घेतलं तर जंतू मरत नाहीत, टणक होतात, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणातच बजावलं होतं. त्यामुळे अर्धवट सोडू नका हे खरं. पण जितकं जास्त दिवस तितकं चांगलं, हेही चूक. अनेक आजारांत पूर्वी दहा-चौदा दिवस द्यायचे तिथे आता पाच-सात दिवस पुरतात असं दिसून आलंय, कारण प्रत्येक जादा दिवस पोटातल्या बाकीच्या जंतूंवर चाळणी फिरवत असतो. किती दिवस हे डॉक्टरने ठरवायचं, तुम्ही नाही आणि मेडिकलवाल्यानेही नाही. सर्दी-खोकल्याला, जो बहुतेक वेळा विषाणूंचा असतो, मेडिकलमधून तीन गोळ्यांची पट्टी उचलणं बंद करा, एवढं तर हातात आहे. १ मार्च २०१४ पासून बऱ्याच तगड्या अँटिबायोटिक्स ‘शेड्यूल एच-वन’ मध्ये आहेत. दुकानदाराने चिठ्ठी पाहून, रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहून, ती वही तीन वर्षं जपायची असते. पाकिटावर लाल रेघ असते ती बघा. वही कुठे कशी ठेवली जाते ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही.

त्या मुलाच्या रिपोर्टवर चौदा ‘आर’ सोडून दोन नावं उरत होती. त्यातलं एक कोलिस्टिन. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये सापडलेलं, मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून बाजूला टाकलेलं हे जुनं औषध, दुसरं काही उरलं नाही म्हणून परत आणावं लागलं. कोंबड्यांच्या खाद्यातही ते चालायचं. भारताने २०१९ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. त्याची चकती आम्ही लावत नाही. रेणू इतका मोठा, की अगरमध्ये नीट पसरतच नाही, गोल खोटा दिसतो. द्रवात वेगवेगळ्या मात्रा करून तपासावं लागतं. आणि आम्ही जो अमेरिकन तक्ता वापरतो त्यात २०२० पासून कोलिस्टिनपुढे एस छापायची सोयच नाही, फक्त आय किंवा आर. मुलाने बोट ठेवून विचारलं, "हितं आय हाय, म्हणजे निम्मं चालतंय का?" म्हटलं, चालेल, पण मूत्रपिंडाकडे रोज बघत, आणि बहुधा दुसऱ्या औषधाच्या जोडीने. बाकी डॉक्टरांना विचारा. त्याने कागदाची चौपदरी घडी केली आणि खिशात घातली.

सहा दिवसांनी तोच पुढचा नमुना घेऊन आला. सीलबंद डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी हातात, हात अंगापासून लांब. डबी माझ्याकडे दिल्यावर दारातल्या सॅनिटायझरची बाटली दाबून तो बोटांच्या बेचक्यांतून, अंगठ्याभोवती, नखांशी चोळत राहिला, तोंडाने आकडे मोजत. आयसीयूतल्या सिस्टरनी वीस मोजायला सांगितलं होतं म्हणे. वडील व्हेंटिलेटरवरून उतरले होते, ताप अजून संध्याकाळी चढत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट उघडली. गुलाबी ठिपके होते, पण पहिल्यापेक्षा विरळ, मोजता येतील एवढे. तारेने एक उचलला. तार सुटली. मिठाच्या पाण्यात कालवला, नवी प्लेट सारवली, चकत्या मांडल्या आणि पेटीत ठेवली. वाचायची ती उद्या.